आत्याच्या तोंडचं नाव

सोनार कान पाहून डूल घडवतो, शिंपी खांदा पाहून बाही कापतो. खारबावची करिष्मा तरे माणूस पाहून नाव घडवायची. आणि माणसं तरी कसली? कुठल्या गावात न राहणारी, कुठल्या रेशनकार्डावर नसलेली, या पृथ्वीच्या पाठीवरच नसलेली. ताऱ्याताऱ्यांमधल्या पोकळीतून पिढ्यान् पिढ्या चाललेला गलबतांचा एक तांडा तिने रचला होता. त्या पोकळीला ती काळी खाडी म्हणायची. खाडीकाठी वाढलेल्या बाईला अंतराळ दुसरं कशासारखं दिसणार? अंधारात पसरलेलं पाणी, आणि लांब लांब एकेक दिवा.

पोटासाठी ती रस्त्यापलीकडच्या गोदामात पार्सलं स्कॅन करायची. तिचा सासरा दौलत तरे जिथे गुडघाभर चिखलात भाताची लावणी करायचा, नेमकी त्याच जागी ती ट्यूबलाइटखाली उभी असायची. यंत्र लेबलावर धरायचं, टुंकन आवाज झाला की पार्सल सरकत्या पट्ट्यावर सोडायचं. बाकीच्या बाया लेबलावरचा पिनकोड बघायच्या, करिष्मा नाव बघायची. आगगाडीसारखी डब्याला डबा जोडलेली दक्षिणेकडची नावं, दोन अक्षरांत आटपणारी डोंगराकडची नावं, तोंडात खडीसाखर ठेवल्यागत विरघळणारी बंगाली नावं. सगळा देश तिच्या हाताखालून जायचा. पण त्यातलं एकही नाव तिने जसंच्या तसं उचललं नाही. दुसऱ्याचं नाव उचलणं म्हणजे देवळाबाहेरून दुसऱ्याची चप्पल घालून निघून जाणं, असं ती म्हणायची. तिला हवा असायचा तो फक्त नाद.

शेजारच्या टेबलावर मेहविश पॅकिंग करायची. भिवंडी शहरातल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली पोरगी, बोलायला फटाका. जेवणाच्या सुट्टीत करिष्माची गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती तिने. तिनेच करिष्माच्या मागे लागून ती ठाण्याच्या एका कंपनीकडे पाठवली. मोबाइलवर ऐकायच्या मराठी गोष्टी ती कंपनी काढायची. तिथल्या कुमार नावाच्या माणसाला गोष्ट आवडली, आणि बघता बघता ‘काळ्या खाडीचा तांडा’ दर आठवड्याला ऐकू येऊ लागला. करिष्मा स्वतःच वाचायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी आतल्या खोलीच्या खिडकीवर दोन गोधड्या टांगायच्या, म्हणजे हमरस्त्यावरच्या कंटेनरचा आवाज आत येत नसे, आणि मोबाइलसमोर बसायचं.

नावांच्या बाबतीत ती फार कडक होती. तांड्यातल्या लोकांना एका गलबतावरून दुसऱ्यावर हाक मारावी लागायची, म्हणून त्यांची नावं लांब सुरांची, वाऱ्यावर तरंगणारी. वारोणा, सेलूक, तिरई. धूसर ग्रहावरच्या लोकांचे ओठ एकमेकांना टेकतच नसत. त्यांच्या नावांत मग प नाही, ब नाही, म नाही. ओखीर, येदाल, सिरण. लोखंडी ग्रहावर यंत्रं कधी थांबत नाहीत, तिथली नावं खडखडाटातूनही ऐकू गेली पाहिजेत. ती तिने कामतघरात, नणंदेच्या घराखालच्या लूमच्या कारखान्यात उभी राहून जमवली होती. खट्टार, ढोक, कडाट. मेहविशने एकदा घास तोंडात ठेवूनच सांगितलं की हा ओखीर पुढे दगा देणार, नावातच लिहिलंय. करिष्मा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हसतमुख होती. ओखीर दगा देणारच होता.

नाव तयार झालं की ती घराच्या मागच्या दारी उभी राहून त्या नावाने मोठ्याने हाक मारायची. हाक मारताना जे नाव मध्येच मोडायचं ते टाकून द्यायची. सासू कमळ वैतागायची.

“गावात लोकं बोलतान, तऱ्यांची सून भुतांना जेवायला बोलावते.”

“आली तर ताटं वाढू, आय. तुमच्या भावकीपेक्षा कमीच खातील.”

म्हातारी तोंडाला पदर लावून हसायची. सासूसुनेचं बरं होतं.

पण एवढ्या मोठ्या तांड्यात एक पोर बिननावाची राहिली होती. तिरई नावाची बाई तांड्याच्या सगळ्यात पुढच्या गलबताची तांडेल, म्हणजे कप्तान. तिची ही मुलगी, गलबतावरच जन्मलेली, माती कधी न पाहिलेली. ऐकणारे तिला ‘तिरईची पोर’ म्हणूनच ओळखत. ती रांगली, चालली, बोबडं बोलली, विझलेले दिवे दुरुस्त करायला शिकली, लोकांच्या गळ्यातला ताईत झाली, पण तिला नाव मिळालं नाही. करिष्मा नाव घडवायला बसायची आणि बोटं मोबाइलवर तशीच थांबायची. तिला वाटायचं, हिचं नाव ठरलेलं आहे. ते दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे, मलाच ठाऊक नाही.

असं का वाटायचं, ते खारबावात सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलत कुणी नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी करिष्माला मुलगी झाली होती. अंगाने बारीक, पण डोकं काळ्याभोर जावळाने भरलेलं. रडायची नाही. डोळे उघडून छताच्या पंख्याकडे बघत पडायची, जसं काही पंखा तिला गोष्ट सांगतोय. पाचवी पुजली, सहाव्या दिवशी सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवली. सटवाईने येऊन काय लिहिलं ते तिलाच माहीत. नवव्या दिवशी सकाळी पोरीने दूध ओढलं नाही. नवऱ्याने, कुणालने, टेम्पो काढला, पण दवाखान्यात पोचेपर्यंत करिष्माच्या हातांना कळलं होतं. बापाने आणि आजोबाने तिला खाडीच्या बांधाकडे नेऊन मातीत ठेवलं. बायका घरातच बसल्या. पोरीच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी तशीच होती, तिच्यावर ‘बेबी ऑफ करिष्मा’. म्हणजे तेही आईचंच नाव. स्वतःचं म्हणून तिला काही मिळालं नाही.

बारावा दिवस उजाडला असता, तर मिळालं असतं. तऱ्यांच्या घरात नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तो नुसता मान नव्हता, कायदा होता. आईबापाने नाव सुचवायचंही नाही. आत्याने नाव शोधायचं, मनात ठेवायचं, बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून पहिल्यांदा बाळाच्या कानात सांगायचं. मग बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे आणि तिने ते नाव सगळ्यांना मोठ्याने ऐकवायचं. त्याआधी ते नवऱ्याजवळसुद्धा बोलायचं नाही, दृष्ट लागते. कुणाल आणि धाकटा भाविक, दोघा भावांना मिळून बहीण एकच, थोरली उन्नती. कामतघरला दिलेली.

तर करिष्माची लेक गेली, पण तिचं नाव गेलं नव्हतं. ते कामतघरात एका बाईच्या तोंडात मिटून राहिलं होतं. आणि करिष्माने ते कधी विचारलं नव्हतं, कारण बारशाआधी गेलेल्या बाळाचं नाव घेऊ नये, घेतलं तर ते वाटेवरून मागे वळून बघतं आणि त्याची वाट चुकते, असं जाणत्या बायका सांगत. करिष्माची कूस नंतर उजवली नाही. ती दुसऱ्यांच्या जगांना नावं देत राहिली. शेकडो नावं तिने घडवली, आणि ऐकायचं होतं फक्त एक.

घरात पोर नव्हती असं नाही. भाविक आणि रीमाची मुलगी चार वर्षांची झाली होती. बारशाला उन्नतीआत्याने तिचं नाव शमिका ठेवलं, पण ते अंगणवाडीच्या पटावरच राहिलं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी म्हणून बसायची नाही, कोंबड्यांच्या मागे, मांजराच्या मागे, नाहीतर स्वतःच्याच सावलीच्या मागे. करिष्माला ती मोठी आय म्हणायची, आणि करिष्माचा तिच्यावर जीव होता. तरी तिच्यातल्या कारागिराला ते नाव बारशापासून खटकलं होतं. शमिका हे शांत नाव, पाण्यावर पान ठेवावं तसं. या पोरीच्या अंगावर ते दुसऱ्याच्या मापाच्या झबल्यासारखं ढिलं पडायचं. उन्नतीताईचं माप यावेळी चुकलं, असं करिष्मा मनात म्हणाली होती, आणि तीही सगळ्यांसारखी भिंगरीच म्हणू लागली.

मग कुमारचा फोन आला. गोष्टीचा पहिला खंड संपत आला होता. शेवटच्या भागात तिरईची पोर मोठी होऊन सुकाणू हातात घेणार, असं ठरलं होतं. जाहिरातीच्या चित्रावर तिचं नाव टाकायचं होतं.

“मॅडम, तुम्ही फरशी पुसणाऱ्या यंत्रालासुद्धा नाव दिलंय,” कुमार म्हणाला. “आणि हिलाच नाही? तुम्हाला सुचत नसेल तर आम्ही ऑफिसात बसून ठेवतो. ‘तारा’ कसं वाटतं?”

त्याचा काही दोष नव्हता. पण करिष्माच्या डोळ्यांपुढे ते ऑफिस आलं. चार परकी माणसं चहा पिता पिता त्या पोरीला नाव ठेवणार. तिने त्याच्याकडे एक आठवडा मागून घेतला आणि पुढच्या शुक्रवारी रजा टाकली. कुणालने तिला टेम्पोतून भिवंडीपर्यंत सोडलं. कशाला जातेस, हे त्याने विचारलं नाही. सहा वर्षांत त्या दोघांमध्ये न विचारण्याची सवय मुरली होती.

कामतघरात एरवी बोलणं म्हणजे ओरडणं. घराखाली लूम चालू असले की वरच्या खोलीत कपातल्या चहावर लाटा उठतात. पण शुक्रवारी कारखाना बंद. गल्लीत इतकी शांतता की कुणाच्या तरी घरात फोडणीत पडलेली मोहरी ऐकू येत होती. उन्नती दारात बसून सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होती. वहिनी अशी अवचित आलेली पाहून ती आधी आनंदली, मग तिने करिष्माचा चेहरा पाहिला.

पाणी झालं, घरच्यांची ख्यालीखुशाली झाली. करिष्मा तिच्यासमोर सुपाला हात लावून बसली.

“ताई, माझ्या पोरीचं नाव तुम्ही काय ठेवणार होतात?”

उन्नतीची बोटं जवळ्यात थांबली.

“आता कशाला गो ते?”

“मला पाहिजे.”

“घेऊ नये तिचं नाव. ती वळून बघते.”

“बघू दे. माझ्याकडेच बघेल ना?”

 उन्नती सुपाकडे बघतच म्हणाली, “ते नाव घरातच हाय.”

करिष्माला कळलं नाही.

“भिंगरीला ठेवलं ना मी. तेच.”

मग उन्नती सांगत गेली, आणि करिष्मा ऐकत गेली. ती पोर गेल्यावर ते नाव उन्नतीच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं. गिळता येईना, थुंकता येईना. कुणाच्या बारशाला गेली की घुगऱ्यांचा घास तोंडात फिरायचा. पुढे रीमाला दिवस गेले, तेव्हा कमळ, उन्नतीची आय, मुद्दाम कामतघरला येऊन लेकीजवळ बसली. म्हणाली, जे नाव कानात पडलं नाही ते वापरलं गेलं नाही. या खेपेला मुलगी झाली तर तिला तेच ठेव. आपलं नाव ऐकून गेलेली त्याच घरात परत येते. उन्नतीला ते पटलं. तिला पटायला हवंच होतं. म्हणून बारशाच्या दिवशी नाव ठेवून झाल्यावर कमळने पोर पाळण्यातून उचलली, ती रीमाकडे नाही दिली, आधी करिष्माच्या मांडीवर दिली.

करिष्माला तो दिवस लख्ख आठवत होता. भरल्या घरात आपली रिकामी मांडी झाकायला सासूने तो मान दिला, असं तिला वाटलं होतं. चार बायकांत डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून तिने बाळाच्या टोपीची नाडी बांधत वेळ काढला होता. त्या दोघी मात्र तिच्याकडे बघत होत्या, ती ओळखते का म्हणून.

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं,” उन्नती म्हणाली, “तर तू तिला मांडीवरून रीमाला परत दिली असतीस?”

 राग यावा एवढं ते मोठं होतं, पण राग कुणाचा करायचा? दोघींनी मिळून तिची लेक तिला परत आणून द्यायचा घाट घातला होता, आणि तसं करताना तिचं जे एकच उरलं होतं ते दुसरीला देऊन टाकलं होतं. शमिका. तिने ते नाव मनात त्या बारीक, न रडणाऱ्या, पंख्याकडे टक लावून बघणाऱ्या पोरीवर ठेवून पाहिलं. ते कुठेही ढिलं पडलं नाही. काखेत, खांद्यावर, गळ्याशी, सगळीकडे बरोबर बसलं. ताईचं माप चुकलं नव्हतं.

“नाव चांगलं होतं, ताई,” ती म्हणाली. “तिला शोभलं असतं.”

उन्नतीने पदर तोंडावर ओढला. करिष्मा थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसली, मग उरलेला जवळा निवडून दिला आणि निघाली.

परत येताना रिक्षात तिने पुन्हा पुन्हा विचार केला. तिरईच्या पोरीला शमिका म्हणावं, तर ते नाव आता एका जित्या पोरीचं होतं. उद्या ती मोठी होऊन गोष्ट ऐकेल, आणि आपलं नाव कुणाच्या पाठीवरून उतरवून आपल्याला घातलं ते तिला कळेल. रीमाला कळेल. आणि दुसरं नाव द्यावं, तर ते खोटं. खरं काय ते ऐकल्यावर खोटं घडवायला हात धजत नव्हता.

तिने कुमारला फोन करून सांगितलं की पोर सुकाणूपर्यंत पोचणार नाही. या भागात ती जाईल, बिननावाचीच.

कुमारने खूप समजावलं. चित्र काढून तयार होतं, लोक वाट बघत होते. करिष्मा ऐकून घेत राहिली. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, लोक रडतील हो.”

“रडू देत,” करिष्मा म्हणाली. “तिच्यासाठी कुणीतरी रडायला पाहिजे होतं.”

रविवारी दुपारी तिने खिडकीवर गोधड्या टांगल्या आणि भाग वाचला. पोरीला काय झालं ते वैद्याला कळलं नाही. ती दिव्याकडे बघत होती आणि बघता बघता तिचं बघणं थांबलं. तांड्यात रीत अशी, की माणूस गेलं की एकेका गलबतावरून त्याच्या नावाची हाक उठते आणि शेवटच्या गलबतापर्यंत पोचते. त्या दिवशी वारोणा उभा राहिला, सेलूक उभा राहिला, सगळ्यांनी हाकेसाठी छातीत श्वास भरला, आणि मारायला नावच नव्हतं. काळ्या खाडीत तेवढा श्वास भरल्याचा आवाज झाला. मग सगळे तो तसाच सोडून खाली बसले. वाचताना करिष्माचा आवाज कुठे हलला नाही.

भाग बाहेर पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो ऐकून आलेली मेहविश पॅकिंगला उभी राहिली ती सुजलेल्या डोळ्यांनी. सकाळपासून तिने एकही टोमणा मारला नाही. जेवायला बसल्यावर डबा न उघडताच ती म्हणाली, “दीदी, आमच्यात मूल जन्मलं की लगेच कानात अजान देतात. नाव नंतर ठेवतात, पण कान रिकामा नाही ठेवत. तुमच्या पोरीच्या कानात कुणी काही बोललं होतं का?”

करिष्माने तिला गोष्टीखालची गोष्ट कधी सांगितली नव्हती. पण पोरगी हुशार होती.

“मी बोलले होते,” करिष्मा म्हणाली. “दूध पी म्हणाले होते.”

मेहविशने तिचा हात धरला. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा दोघी उठल्या.

घरी मात्र करिष्माने दुसरंच काम हाती घेतलं होतं. कामतघरहून आल्यापासून तिने भिंगरी म्हणणं सोडलं. शमिका, जेवायला ये. शमिका, केस विंचरून घे. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा कमळ ओटीवर तांदूळ पाखडत होती. सूप हातातच थांबलं. म्हातारीला कळलं की सुनेला कळलं. तिने मान वर केली नाही, थोड्या वेळाने सूप पुन्हा हलू लागलं. रीमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती हसून म्हणाली, “जाऊबाय, अंगणवाडीच्या बाई झालात काय? भिंगरी बोला, तेव्हा येल ती.”

खरंच येत नसे. हाक तिच्या अंगावरून पाण्यासारखी निथळून जायची. पण करिष्मा सोडत नव्हती. नाव वापरलं नाही तर अंगाला बसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुसरीच्या मापाचं असलं तरी आता ते हिचं होतं, आणि ढिलं नाव घेऊन पोरीने जन्म काढू नये. घास भरवताना, काटा काढताना, ताप आलेल्या कपाळावर पट्टी ठेवताना ती तेच नाव घेत राहिली. दर वेळी घेताना तिला वाटायचं की ते थोडं या पोरीकडे सरकतंय, आणि खाडीच्या बांधाकडून थोडं सुटतंय. तरी ती घेतच राहिली.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी पोर अंगणात कोंबडीच्या पिलामागे धावत होती. करिष्माने ओटीवरून हाक मारली.

“शमिका.”

पोर जागच्या जागी थांबली आणि वळली. सरळ करिष्माकडे बघत म्हणाली, “काय गो, मोठी आय?”

करिष्माला काहीच सांगायचं नव्हतं. आता त्या नावाला ओ देणारी एकच होती.

“काही नाही,” ती म्हणाली. “जा, खेळ.”

पोर गेली. करिष्मा खांबाला धरून उठली. शिफ्टची वेळ झाली होती. तिने ओळखपत्र गळ्यात घातलं, कंटेनर जाऊ दिला, आणि रस्ता ओलांडून गोदामात गेली.